अर्थाआधीचा कान : मराठी बालगीताच्या समीक्षेतले राहून गेलेले माप

१

मराठी बालकवितेविषयी लिहिताना आपली समीक्षा मुख्यतः दोन मापे वापरत आली आहे. एक संस्काराचे : कवितेतून मूल काय शिकते, तिचा बोध काय. दुसरे कल्पनाशक्तीचे : कवितेतले जग मुलाचे आहे की मोठ्या माणसाने मुलासाठी सजवलेले. पहिल्या मापाला कंटाळून आपण दुसरे हाती घेतले आणि ते योग्यच झाले. विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर यांच्या बालकवितेचे मोल आपल्याला कळले ते या दुसऱ्या मापामुळे. पण दोन्ही मापे शेवटी अर्थाचीच आहेत. बडबडगीताला अर्थ नसतो, म्हणून ती त्याच्या बाबतीत अपुरी पडतात. मग ‘नादमधुर’, ‘गेय’, ‘ठेकेबाज’ अशी दोन-तीन विशेषणे वापरून आपण पुढे जातो. विंदांनी एका बालकवितासंग्रहाला ‘अडम् तडम्’ असे काहीच अर्थ नसलेले नाव दिले. त्या नावाचा आपण गंमत म्हणून उल्लेख करतो, पण त्या निरर्थकतेचे काम काय, हे विचारत नाही.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, हे काम ठोस आहे आणि ते तपासता येते. लहान मूल बोललेल्या भाषेतले आवाज वेगळे करायला शिकते ते शब्दांशी खेळून. मराठीत या खेळाची स्वतःची एक व्यवस्था आहे. ती इंग्रजीसारखी नाही, हिंदीसारखीही नाही. ही व्यवस्था ओळखली तर बालगीत तपासण्याचे तिसरे माप हाती येते. आणि ते केवळ समीक्षकांच्या उपयोगाचे नाही. २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानानंतर ‘ध्वनिजाणीव’ हा शब्द शिक्षकांच्या प्रशिक्षणात रुळला आहे. बालवाडीपासून मुलांना शब्दांतले आवाज ऐकायला शिकवा, असे सांगितले जाते. कोणते आवाज आणि कोणत्या क्रमाने, याचे उत्तर मात्र बरेचदा इंग्रजीतून येते.

२

आधी संशोधन काय सांगते ते पाहू. १९७१ साली अमेरिकेत पीटर आयमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक आणि चार महिन्यांच्या बाळांना ‘बा’ आणि ‘पा’ हे उच्चार ऐकवले. बाळाच्या तोंडात चोखणी होती. तोच तोच आवाज येत राहिला की चोखण्याचा वेग मंदावे आणि ‘बा’चा ‘पा’ झाला की पुन्हा वाढे. म्हणजे बोलता येण्याच्या कितीतरी आधी हा भेद कानाला कळतो.

दुसरा प्रयोग आपल्या अधिक जवळचा आहे. १९८४ साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी फार थोड्यांना कळला. त्याच सुमाराच्या, हिंदी ऐकत वाढणाऱ्या बाळांचा भेद मात्र शाबूत होता. मराठीतही हा भेद तसाच आहे : ताक आणि टाक, वात आणि वाट. म्हणजे पहिल्या वर्षात कान काही नवे मिळवतो तसे काही सोडतोही. आजूबाजूला जे बोलले जाते त्याला तो घट्ट धरतो आणि बाकीचे सोडून देतो. मराठी बाळाचा कान वर्षाचा होईतो मराठी झालेला असतो.

पण भेद ऐकणे वेगळे आणि शब्दाचे तुकडे जाणीवपूर्वक करता येणे वेगळे. ‘ताक’ आणि ‘टाक’ यांत गल्लत न करणारे तीन वर्षांचे मूल ‘ताक’मधला पहिला आवाज वेगळा काढून दाखवू शकत नाही. इझाबेल लिबरमन आणि सहकाऱ्यांनी १९७४ साली अमेरिकी मुलांकडून शब्दातल्या तुकड्यांइतके ठोके काठीने मारून घेतले. चार वर्षांच्या मुलांपैकी जवळपास निम्म्यांना उच्चाराचे मोठे तुकडे मोजता आले, पण सुटा वर्ण एकालाही मोजता आला नाही. पहिलीच्या अखेरीस मात्र सुमारे ७० टक्के मुले वर्ण मोजू लागली. मध्यंतरी ती वाचायला शिकली होती.

हा वाचनाचा परिणाम की वयाचा, याचे उत्तर दोन प्रयोगांतून आले. १९७९ मध्ये जोझे मोराइश आणि सहकाऱ्यांनी पोर्तुगालमधल्या निरक्षर प्रौढांना शब्दाच्या सुरुवातीचा एक वर्ण गाळायला किंवा नवा जोडायला सांगितले. बहुतेकांना ते जमले नाही. मोठेपणी साक्षर झालेल्यांना जमले. १९८६ मध्ये चार्ल्स रीड आणि सहकाऱ्यांना चीनमध्ये याहून नेमके काही आढळले. फक्त चिनी चित्रलिपी येणाऱ्या प्रौढांना वर्ण गाळणे अवघड गेले, तर रोमन वर्णांतली पिनयिन पद्धत शिकलेल्यांना ते सहज जमले. साक्षर दोघेही होते, फरक लिपीचा होता. सुटा वर्ण निसर्गतः कानावर पडत नाही, वर्ण लिहिणारी लिपी तो ऐकायला शिकवते.

मग देवनागरी काय शिकवते?

३

देवनागरीचे एकक वर्ण नाही, अक्षर आहे : व्यंजन आणि त्याला चिकटलेला स्वर. सुटे व्यंजन लिहायचे तर अक्षराचा पाय मोडावा लागतो. शाळेत ‘क्’ला ‘पायमोडका क’ म्हणतात. या नावातच सगळे आले. पूर्ण वस्तू म्हणजे ‘क’, आणि ‘क्’ ही तिची मोडतोड. इंग्रजीत गोष्ट नेमकी उलटी : तिथे सुटी अक्षरे आधी आणि त्यांची जोडणी नंतर.

कन्नडही अशीच अक्षरांची लिपी आहे. कन्नड शिकणाऱ्या मुलांविषयी सोनाली नाग यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसते की, अक्षरे पूर्ण आत्मसात व्हायला काही इयत्ता जातात आणि सुट्या वर्णाची जाण उशिरा येते. इंग्रजीच्या वेळापत्रकाने पाहिले तर ही मुले मागे वाटतील. प्रत्यक्षात ती वेगळ्या, अधिक मोठ्या संचाच्या वाटेने चाललेली असतात.

इथे एक आक्षेप येईल. अक्षर ही लिपीची गोष्ट आहे. ज्या मुलाला अजून वाचता येत नाही, त्याच्या कानात अक्षर कुठून येणार? उच्चारात तर ‘घर’ हा एकच ठोका आहे, कारण शेवटचा ‘अ’ आपण बोलत नाही. ‘घर’ दोन अक्षरी आहे हे ज्ञान डोळ्याचे आहे, कानाचे नाही.

आक्षेप रास्त दिसतो. पण मराठी बोलणारा माणूस दिवसातून अनेकदा त्याला उत्तर देत असतो : ‘चहाबिहा घेणार?’

४

शाळेच्या व्याकरणात ‘दगडबिगड’ हा शब्द अभ्यस्त शब्दांच्या यादीत एका ओळीत येतो आणि जातो. त्याची रचना नीट पाहण्यासारखी आहे. घरबिर, पाणीबिणी, पुस्तकबिस्तक, लग्नबिग्न, प्रवासबिवास, उसळबिसळ. नियम सोपा वाटतो : सुरुवातीचे काढा आणि ‘बि’ लावा. पण सुरुवातीचे म्हणजे किती?

‘लग्न’चा उच्चार आपण ‘लग्-न’ असा तोडतो. पहिला ठोका बदलायचा असता तर ‘लग्’ पूर्ण गेला असता. तसे होत नाही. ‘ल’ जातो, ‘ग्’ राहतो. ‘पुस्तक’मध्ये ‘पुस्’ जात नाही, ‘पु’ जातो. ‘घर’ तर एकच ठोका, तरी त्यातला ‘घ’ जाऊन ‘र’ मागे उरतो. ‘प्रवास’मध्ये दोन व्यंजने आणि स्वर असा सगळा ‘प्र’ एकदम जातो. म्हणजे काढला जाणारा तुकडा ना सुटा वर्ण आहे, ना उच्चाराचा पूर्ण ठोका. तो आहे व्यंजन अधिक स्वर, म्हणजे अक्षर. आणि हे शब्द शाळेचे तोंड न पाहिलेली आजीही बिनचूक बनवते. तेव्हा अक्षर केवळ पाटीवर नाही, ते बोलण्यातही आहे.

हे लिपीमुळे घडत नाही याचा पुरावा हिंदीत मिळतो. लिपी तीच, पण तिथे ‘पानी-वानी’, ‘चाय-वाय’. हिंदी फक्त व्यंजन बदलते, स्वर जागेवर ठेवते. मराठी स्वरासकट उचलते : पाणीबिणी. इतकेच नव्हे, कानातले अक्षर लिहिलेल्या अक्षराहून थोडे वेगळेही आहे. ‘भांडण’मध्ये अनुस्वार ‘भां’च्या डोक्यावर आहे. तरी आपण ‘बिडण’ म्हणत नाही, ‘भांडणबिंडण’ म्हणतो. अनुनासिक आवाज मागे राहतो, कारण कानाच्या हिशेबी तो त्या तुकड्याचा नाही.

आता याच्या शेजारी यमक ठेवू. पाणी, राणी, गाणी. इथे काय बदलते? फक्त व्यंजन. ‘आणी’ एवढा भाग जसाच्या तसा राहतो. ‘पाणीबिणी’त उरतो तो ‘णी’, ‘पाणी-राणी’त उरतो तो ‘आणी’. या दोहोंतला फरक आहे एका ‘आ’चा. एका खेळात तो ‘प’बरोबर जातो, दुसऱ्यात ‘प’ला सोडून मागे राहतो. दोन्ही खेळ खेळणाऱ्या मुलाच्या कानात ‘पा’ या अक्षराला बारीकशी चीर पडते. तिसरा खेळ बाराखडीचा : तिथे व्यंजन कायम आणि स्वर बदलता. ती पुस्तक समोर न ठेवता सुरात म्हटली की हाही कानाचाच खेळ. एकात अक्षर अख्खे उचलले जाते, दुसऱ्यात व्यंजन सुटते, तिसऱ्यात स्वर सुटतो. अक्षराकडून वर्णाकडे जाण्याची ही मराठीची स्वतःची वाट आहे, आणि ती कोणी अभ्यासक्रम म्हणून आखलेली नाही.

मुले तिच्यावर पुढेही जातात. ‘च’च्या भाषेच्या एका प्रकारात शब्दाचे पहिले अक्षर शेवटी न्यायचे आणि पुढे ‘च’ लावायचा : घराचे होते ‘चरघ’. गाण्याच्या भेंड्यांत गाणे ज्या अक्षरावर संपते, त्या अक्षरावरून पुढचे सुरू करायचे. गाणे ‘घर’पाशी थांबले तर ‘र’. बोलताना या ‘र’ला स्वर नसतो, पण खेळात तो पूर्ण अक्षर होतो. ‘ळ’ किंवा ‘ण’ आला की साधारणपणे ‘ल’ किंवा ‘न’ घ्यायची मुभा असते, कारण मराठीत त्यांनी शब्द सुरू होत नाही. कोणता आवाज कोणाचा नातेवाईक, हे इथे भांडून ठरते.

५

या पार्श्वभूमीवर बालगीताकडे पाहिले तर ‘नादमधुर’ या विशेषणाच्या आत काय आहे ते उलगडू लागते.

पहिली गोष्ट छंदाची. ओवी-अभंगाची परंपरा अक्षरे मोजणारी आहे. मोठ्या अभंगाचा चरण सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा. या मोजणीत ‘घर’ दोन अक्षरी धरले जाते आणि गाताना अनेकदा शेवटच्या ‘र’वर सूर टेकून त्याला त्याचा ‘अ’ परत मिळतो. बोलताना जे अक्षर गळते, ते गाणे परत करते. म्हणजे ओवी, अंगाई आणि टाळीवर म्हटलेले बडबडगीत मुलाला शब्द असा ऐकवतात, जसा तो पुढे त्याला लिहिलेला दिसणार असतो. वाचनाची पूर्वतयारी यापेक्षा वेगळी काय असते?

दुसरी गोष्ट यमकाची. लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी १९८३ साली इंग्लंडमधल्या चार-पाच वर्षांच्या सुमारे ४०० मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही शब्दांतून यमक किंवा अनुप्रास न जुळणारा शब्द ओळखणाऱ्या मुलांचे वाचन पुढे अधिक चांगले झाले. त्यांतल्या ६५ मुलांपैकी काहींना दोन वर्षे आवाजांचे खेळ शिकवले गेले. सर्वाधिक प्रगती झाली ती खेळांच्या जोडीला प्लास्टिकची अक्षरे हाताळणाऱ्या गटाची. यमक म्हणजे शोभा नव्हे, हे यावरून दिसते.

पण सगळी यमके सारखी नसतात. आपल्या उपदेशपर बालगीतांत ‘करू – धरू’, ‘जाऊ – गाऊ’, ‘ठेवूया – जाऊया’ अशी यमके विपुल आढळतात. ही यमके व्याकरण फुकट पुरवते. क्रियापदाचे रूप तेच, म्हणून शेवट तोच. इथे मूल आवाज ऐकत नाही, प्रत्यय ऐकते. उलट ‘पाणी – राणी’मध्ये दोन वस्तूंचा एकमेकींशी काही संबंध नाही, जुळतो तो फक्त आवाज. अर्थ बाजूला झाला की आवाज ऐकू येतो. बडबडगीताचा अर्थ तुटका असतो त्याचे कारण हेच असावे. पाणी आणि राणी यांना एका ओळीत आणायचे तर अर्थाला माघार घ्यावीच लागते.

तिसरी गोष्ट शब्दकळेची. पर्यावरण, स्वच्छता, राष्ट्रप्रेम यांवरच्या गीतांत जोडाक्षरांनी भरलेले तत्सम शब्द येतात. असे शब्द वाईट नाहीत. पण ‘पर्यावरण’ला जोडीदार शब्द मिळणे कठीण, त्यातला एक आवाज बदलून दुसरा शब्द होत नाही. ‘वात’ची ‘वाट’ होते, ‘माल’ची ‘माळ’ होते, ‘मन’चा ‘मण’ होतो. मराठीतल्या भेदांचे वैभव या छोट्या शब्दांत आहे. शिवाय काही भेद लिपी दाखवतच नाही. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा. ‘जरा’ म्हणजे थोडे आणि ‘जरा’ म्हणजे म्हातारपण. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला ‘च’ एकच लिहिला जातो, उच्चार मात्र दोन. हे भेद मूल फक्त कानाने शिकते. गीत तोंडी म्हणणारे कोणी नसेल, तर पुस्तक त्याला ते देऊ शकत नाही.

६

तेव्हा प्रश्न पुढच्या काळाचा आहे आणि तो तीन ठिकाणी बोचतो.

पहिले ठिकाण घर. गाणी आता मोबाइलवर मिळतात, चित्रांसह. पॅट्रिशिया कुल आणि सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना चिनी मँडरिन भाषा ऐकवली. समोर बसून खेळवणाऱ्या माणसाकडून बाळे तिचे आवाज शिकली. तेच चित्रफितीवर दाखवले, तेव्हा शिकली नाहीत. हा प्रयोग परक्या भाषेचा आणि तान्ह्या बाळांचा आहे, त्यातून मराठी घरांबद्दल थेट निकाल काढू नये. पण मांडीवर घेऊन, टाळी देत, मुलाच्या चेहऱ्याकडे पाहत म्हटलेल्या गीताची जागा पडद्याने सहज भरून निघते, असे मानायलाही आधार नाही.

दुसरे ठिकाण शाळा. ध्वनिजाणिवेच्या नावाखाली मुलाला ‘घर’ तोडून ‘घ् – अ – र्’ असे आधीच म्हणायला लावणे म्हणजे पायमोडक्या अक्षरांपासून सुरुवात करणे. त्याच्या कानात असलेले एकक सोडून, नसलेल्या एककाची परीक्षा घेणे. आधी ‘बि’, मग यमक, मग बाराखडी आणि त्यातून वर्ण, हा क्रम मराठीला धरून आहे. मुळाक्षरांच्या तक्त्याकडेही या नजरेने पाहावे. ‘ग गणपतीचा’ इथे पहिला आवाज ऐकू येतो. पण ‘ण बाणाचा’ आणि ‘ळ बाळाचा’ म्हणताना आवाज शेवटी सरकलेला असतो. मोठ्यांना हे जाणवत नाही, कारण आपण तक्ता डोळ्याने वाचतो. मुलाला मात्र तिथे वेगळी सूचना हवी असते.

तिसरे ठिकाण सर्वांत नाजूक आहे. वऱ्हाडात ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. महाराष्ट्राच्या मोठ्या भागात ‘पाणी’ हे ‘पानी’ असते. असे मूल प्रमाण मराठीतल्या ‘ण – न’ किंवा ‘ळ – ल’च्या चाचणीत अडखळले, तर त्याची ध्वनिजाणीव कच्ची ठरवली जाण्याचा धोका आहे. प्रत्यक्षात त्याचा कान पक्का आहे, त्याच्या घरच्या बोलीत पक्का. ‘पानीबिनी’ म्हणताना ते तेच अक्षर तितक्याच बिनचूक उचलते. तीच गोष्ट वारली, कोरकू, गोंडी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांची. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला शाळाच मुलांच्या अंगणात आणि गुरे चरतात त्या कुरणात नेली. तिच्यामागचे तत्त्व भाषेलाही लागू आहे. मूल जे घेऊन येते तिथून सुरुवात करायची. कानाच्या बाबतीत ते घेऊन येते आपल्या बोलीतली गाणी आणि आपल्या बोलीतले खेळ.

७

हे माप वापरताना एक पथ्य हवे. बडबडगीत वाचनाची तयारी करते म्हणून ते चांगले, असे म्हणू लागलो तर संस्काराच्या जागी साक्षरता बसवल्यासारखे होईल. उपदेश तोच, फक्त नाव आधुनिक. मूल यमक म्हणते ते त्याला मजा येते म्हणून, आणि तेवढे कारण पुरेसे आहे. समीक्षकाने पाहायचे ते इतकेच की, ही मजा कुठून येते आणि कवीने ती खरोखर दिली आहे की नाही.

म्हणून बालकवितेचे नवे पुस्तक हाती आले की नेहमीच्या प्रश्नांत तीन प्रश्नांची भर घालावी. यमक आवाजाने जुळले आहे की प्रत्ययाने? ओळ टाळीवर म्हटली तर तिची अक्षरे पुरी पडतात की कवीने ती डोळ्याने मोजली आहेत? आणि यातला एखादा शब्द उचलून मूल स्वतःचा दुसरा शब्द बनवू शकेल का? या तीन प्रश्नांना उतरणारे गीत बहुधा संस्काराच्या आणि कल्पनेच्या मापांनाही उतरेल. न उतरणारे गीत कितीही सद्हेतूने लिहिलेले असले, तरी मूल ते पाठ करील आणि परीक्षेनंतर विसरेल. त्याला ‘बि’ लावून खेळावेसेही त्याला वाटणार नाही.